गर्दीतून आलेला वेग
१९९९ साली शॉन फॅनिंगच्या नॅपस्टरवर गाणी एका संगणकावरून थेट दुसऱ्यावर जात. पण कोणाकडे काय आहे याची यादी कंपनीच्या सर्व्हरवरच असे. कोर्टकचेऱ्यांपुढे टिकाव न लागून जुलै २००१ मध्ये ते बंद पडले.

मार्च २००० मध्ये आलेल्या ग्नुटेलाने मधला सर्व्हरच काढून टाकला. प्रत्येक चौकशी शेजाऱ्याकडून त्याच्या शेजाऱ्याकडे फिरू लागली आणि जाळे स्वतःच्याच चौकशांनी तुंबले. त्याहून मोठे दुखणे माणसांचे होते. त्याच वर्षी झेरॉक्सच्या संशोधकांना आढळले, की जवळपास ७० टक्के लोक नुसते घेत होते, देत काहीच नव्हते.

ब्रॅम कोहेनने २००१ साली बिटटोरंट आणताना फाइलचे तुकडे केले. ज्याला एक तुकडा मिळाला, तो लगेच इतरांना वाटू लागला. सर्वांत दुर्मीळ तुकडा आधी उचलायचा आणि जो देतो त्यालाच भरभरून द्यायचे. ही रचना खरोखर सुंदर आहे: एकट्या सर्व्हरला गुदमरवणारी गर्दी इथे वेग पुरवते.

राहिला प्रश्न फाइल कोणाकडे आहे ते शोधण्याचा. २००२ च्या कॅडेम्लिया या शोधपद्धतीने लाखो संगणकांतूनही मोजक्या टप्प्यांत पत्ता लावून दाखवला. २००५ मध्ये बिटटोरंटने ती पद्धत स्वीकारली आणि फाइल कोणाकडे आहे हे सांगणारा मध्यवर्ती सर्व्हर, म्हणजे ट्रॅकर, नसतानाही डाउनलोड चालू लागले.