सामूहिक प्रकल्प-व्यवस्थापनाच्या सर्व्हर प्रणाली : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रकल्प-नियोजनाचा इतिहास सामान्यतः आलेख व सूत्रे यांचा इतिहास म्हणून मांडला जातो. प्रस्तुत लेखात नियोजनाची नोंद कोणाच्या हाती होती, या अंगाने त्याचा विचार केला आहे.

हेन्री गँट यांनी १९१० च्या दशकात रूढ केलेला पट्टी-आलेख आणि अमेरिकी नौदलाने १९५८ मध्ये पोलारिस क्षेपणास्त्रासाठी विकसित केलेली ‘पर्ट’ पद्धती, या दोहोंत कामाचे चित्र नियोजन-कक्षातच तयार होई. १९६८ मध्ये डग्लस एंगलबार्ट यांनी सॅन फ्रान्सिस्को येथे दूरस्थ सहकाऱ्यासह एकाच मजकुरावर काम करून दाखविले. तथापि १९८४ मध्ये डॉस प्रणालीसाठी आलेले ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’ हे व्यवस्थापकाच्या संगणकातील फाईलपुरतेच मर्यादित होते.

२००० साली ‘प्रोजेक्ट सेंट्रल’ आणि पुढे २००२ च्या आवृत्तीत ‘प्रोजेक्ट सर्व्हर’ यांमुळे या स्थितीत मूलगामी बदल झाला. आराखडा मध्यवर्ती डेटाबेसमध्ये गेला. काम करणारी व्यक्ती ब्राउझरमधून खर्ची पडलेले तास व शिल्लक काम स्वतः नोंदवू लागली. मात्र व्यवस्थापकाच्या मान्यतेनंतरच ती नोंद आराखड्यात उतरत असे. २००६ मध्ये आलेल्या ‘रेडमाइन’ या मुक्त प्रणालीमुळे लहान संस्थांनाही अशी सोय परवाना-शुल्काविना स्वतःच्या सर्व्हरवर उपलब्ध झाली.

सारांश, सर्व्हरने कर्मचाऱ्याला नोंदीचा अधिकार दिला. त्याच नोंदीने त्याचा प्रत्येक तास वरिष्ठांच्या नजरेखाली आणला. सहकार्य आणि देखरेख या एकाच व्यवस्थेच्या दोन बाजू आहेत. म्हणून अशी प्रणाली स्वीकारताना मान्यतेचा अधिकार कोणाकडे राहील, हे संस्थेने प्रथम ठरविणे अगत्याचे आहे.