माजघराच्या दाराची बाही

आमच्या शिरोड्याच्या घरात ओटीवरून माजघरात जाताना पावलं दोन टाकावी लागतात. पहिलं उंबरठ्यावरून पलीकडे आणि दुसरं भिंतीतून बाहेर. मुंबईहून आलेली नातवंडं याला बोगदा म्हणतात. भिंत मातीची आहे, बुडाला वीस इंच आणि वर दाराच्या डोक्याशी सतरा. दार सत्तावीस इंचांचं, उंची जेमतेम पाच फूट. वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. वाकायला विसरलेल्या पाव्हण्यांची कपाळं या घराला ओळखीची आहेत.

दाराच्या चौकटीचं लाकूड मात्र पाचच इंच जाड. ते ओटीच्या अंगाला बसवलेलं आहे. उरलेल्या पंधरा इंच भिंतीची कड उघडी राहिली तर रोजच्या ये-जा करण्याने माती झडत जाणार. म्हणून तिला दोन्ही अंगांनी उभी फळी लावायची. त्या फळीला आमच्या घरात बाही म्हणतात. सदऱ्याला बाही तशी दाराला बाही. हल्लीच्या चिरेबंदी किंवा सिमेंटच्या घरात भिंत सहा ते नऊ इंचांची, चौकट लावली की काम संपलं. बाही कुणाला ठाऊक नाही. म्हणून हे लिहून ठेवतो.

घर कधी बांधलं त्याचा कागद नाही. आजी सांगायची, मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या पुढच्या-मागच्या सालात. शिरोड्याचा सत्याग्रह 1930 च्या मे महिन्यातला. मिठागरावर लांबून लांबून माणसं आली होती आणि पोलिसांच्या लाठ्या खाऊन गेली होती. त्या वेळी गावच्या शाळेत वि. स. खांडेकर मास्तर होते, 1920 ते 1938 पर्यंत. एवढ्या मोठ्या गोष्टी गावात चाललेल्या असताना आमचे आजोबा पावसाळ्याच्या आत भिंती उरकायच्या या घाईत होते. माती भिजवायची, तुडवायची, हातभर थर चढवायचा आणि तो सुकला की त्यावर दुसरा. खालच्या थरावर वरचा भार येतो म्हणून भिंत बुडाला रुंद, वर निमुळती. चिरा तेव्हाही निघत होता. पण तो जमीनमालकांच्या घराला. आम्ही कूळ. आमच्या वाट्याला माती.

चौकट मात्र लाकडाचीच लागते. ती भिंतीच्या आधी उभी करत. आंब्याचा टाळ बांधायचा, नारळ फोडायचा, ओळंबा धरून चौकट सरळ आहे का बघायचं आणि मग तिच्या दोन्ही बाजूंनी भिंत वर न्यायची. वरच्या पाटाची दोन्ही टोकं एकेक वीत भिंतीत जातात, त्यामुळे चौकट हलत नाही. सगळं कुसू आणि भोक, वर लाकडी खुंटी. खिळा वापरायचा नाही असा आमच्याकडे नियमच होता, आणि तो काही शास्त्रासाठी नव्हता. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मिठागरं. या हवेत लोखंडाचा खिळा फार दिवस टिकत नाही, आणि गंजताना लाकूडही कुजवतो.

आता बाहीसाठी पंधरा इंच रुंदीची एकसंध फळी कुठून आणायची? आमच्याकडे एवढा घेर देणारं, वाळवी लवकर न लागणारं आणि परसातच मिळणारं झाड म्हणजे फणस. घरामागे एक जुना फणस होता. झाड मालकाचं, पण त्याने तोडायला परवानगी दिली होती. मेस्त्री करवत घेऊन आले आणि तिथे आजी आडवी आली.

आजीचं माहेर आरवली. आरवली म्हणजे श्री देव वेतोबाचं गाव, आमच्या शेजारचंच. वेतोबाची मूर्ती आता पंचधातूची आहे, पण पूर्वी ती फणसाच्या लाकडाची होती. म्हणून आरवलीची माणसं फणसाचं लाकूड घरात वापरत नाहीत. सासरी हा रिवाज नव्हता. आजोबा म्हणाले, शिरोड्याच्या घराला आरवलीचा नियम कसला? आजी त्यांच्याशी बोललीच नाही. ती मेस्त्र्यांना म्हणाली, "मेस्त्रीनू, फणस तोडा. उंबरो करा, बायो करा. मी ओटयेर रवान. त्या लाकडाक पाय लावन मी आत येवचंय नाय."

लग्न होऊन दोन वर्षंही झाली नव्हती तिला. घर तिच्या नवऱ्याचं, झाड मालकाचं, तिचं म्हणावं असं त्यात काहीच नव्हतं. तरी फणस राहिला. मेस्त्र्यांनी किंजळीच्या पाच-पाच इंचांच्या फळ्या आणल्या, तीन फळ्या कडेला कड लावून जोडल्या, मधे बांबूच्या मेखा घातल्या आणि पंधरा इंचांची बाही केली. दिवस किती जास्त लागले ते आजोबा म्हातारपणीही ऐकवायचे. पण मला वाटतं, आजीच्या हट्टाने दाराचं भलंच झालं. रुंद एकसंध फळी पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेवटी मधोमध चिरते. तीन अरुंद फळ्या आपापसात समजून घेतात.

एवढी रुंद बाही नुसती माती झाकायला नव्हती. दाराच्या दोन फळ्या, प्रत्येकी साडेतेरा इंच. चौकट ओटीच्या अंगाला असल्यामुळे दार आत उघडलं की दोन्ही फळ्या भिंतीच्या जाडीत बाहीला चिकटून उभ्या राहतात, माजघरातली जागा अडवत नाहीत. फक्त वरच्या बाजूला, जिथे भिंत निमुळती होते, तिथे फळी बोट-दीड बोट बाहेर डोकावते. बाहीलाच अडसराचं भोक. रात्री अडसर एका बाजूच्या भिंतीतून ओढून दुसऱ्या बाजूच्या भोकात सरकवायचा आणि सकाळी परत भिंतीत ढकलायचा. वाळवी आणि गंज यांना सोडून बाकी कुणालाही हे दार बाहेरून उघडता आलेलं नाही.

आणि उजव्या बाहीवर खाचा.

लहानपणी मला वाटायचं, पटाशीला धार आहे की नाही हे बघायला कुणीतरी मारल्यात. एका ओळीत काही आडव्या रेघा, काही बारक्या खाचा, मग बोटभर जागा सोडून दुसरी ओळ. अशा बावीस ओळी मी मोजल्या होत्या. वडिलांनी सांगितलं ते मी सातवी-आठवीत असताना. एक ओळ म्हणजे एका वर्षाचा खंड. मालकाला घातलेल्या भाताच्या खंडीमागे एक रेघ, सुट्या कुडवामागे एक खाच. आजोबांना लिहिता येत नव्हतं. मालकाकडून पावती मिळत नसे. भात मोजून जायचं आणि पुढच्या वर्षी "गेल्या सालची बाकी आहे" असं ऐकायचं. मग आजोबांनी बाहीवर हिशेब ठेवायला सुरुवात केली.

बाहीवरच का, तर मालकाचा माणूस यायचा दिवसा आणि बसायचा ओटीवर. दिवसा दार उघडं. उघड्या दाराची फळी बाहीवर टेकलेली. खाचा तिच्यामागे. रात्री दार लावलं की त्या दिसायच्या, आणि तेव्हा घरात घरचीच माणसं. वडील हे सांगताना हसायचे. मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आपल्याच घरात, आपण घाम गाळून पिकवलेल्या भाताचा हिशेब दारामागे लपवायचा!

1 एप्रिल 1957 ला कृषक दिन आला. कसेल त्याची जमीन झाली, म्हणजे कागदावर झाली. पुढे 32 ग ची चौकशी, किमतीचे हप्ते आणि शेवटी 32 म चा दाखला, यात बरीच वर्षं गेली. बाहीवरच्या खाचा चौकशीत कुणी पुरावा म्हणून घेतल्या नसत्या. सातबाऱ्यावर आजोबांचं नाव कूळ म्हणून लागलेलं होतं म्हणून निभावलं. ज्यांचं नाव लागलेलं नव्हतं त्यांचं काय झालं ते गावाला माहीत आहे. शेवटच्या ओळीखाली आजोबांनी एक लांब तिरकी रेघ मारली आहे. शाळेत बेरीज संपली की मारतात तशी. अक्षर न येणाऱ्या माणसाला ती कुणी शिकवली कोण जाणे.

आता माझ्या वेळची गोष्ट. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा घरामागचा तो फणस, आजीने वाचवलेला, मुळासकट पडला. कौलं गेली, पाणी भिंतीवर उतरलं. पाऊस सरल्यावर बघतो तर उंबरठा आतून पोकळ. बोट घातलं की बोट आत. दोन्ही बाह्या गुडघ्यापर्यंत वाळवीने खाल्लेल्या. आतली मऊ माती तेवढी उभी, वरून लाकडाचा पापुद्रा.

मुलगा म्हणाला, "बाबा, भिंतच पाडूया. चिऱ्याची बांधू, तयार चौकट आणू." वाईट बोलला नव्हता तो. पण मातीची ती भिंत वरच्या माळ्याचा भार घेते, आणि खरं सांगायचं तर माझं मनही होत नव्हतं. मग मधला मार्ग म्हणून भिंत ठेवून तयार बाह्या आणायचं ठरलं. एका दुकानातून पोरगा आला, टेप लावून खालची रुंदी एकदाच मोजली, पंधरा इंच, आणि वरपासून खालपर्यंत पंधरा इंचांचे प्लायवूडचे तक्ते घेऊन आला. वर तीन इंच बाहेर! ते त्याने तिथल्या तिथे कापले, भिंतीला घट्ट चिकटवून ठोकले. जुलैत तक्त्यांना पोट सुटलं. दार ना धड उघडे ना लागे. महिनाभर आम्ही मागच्या दाराने वावरलो.

पुढच्या उन्हाळ्यात एका जुन्या मेस्त्र्यांना गाठलं. वय पंच्याहत्तरच्या पुढे, हात थोडे थरथरायचे, पण रंध्यावर ठेवले की स्थिर. त्यांनी टेप काढलाच नाही. एक काठी मागितली. दर वितीवर भिंतीच्या कडेला काठी धरायची आणि सुरीने खूण करायची. उजव्या बाजूला नऊ खुणा, डाव्या बाजूला नऊ, आणि नऊच्या नऊ वेगळ्या. मला म्हणाले, "भिंत वाकडी हा म्हणान फळी वाकडी कापूची. भिंतीक शिकवूक जावचा नाय."

चौकट बसवायची कशी, याची मला काळजी होती, कारण वरचा पाट भिंतीत गाडलेला आणि शाबूत होता. त्यांनी पाटाखाली दोन टेकू दिले. कुजलेले खांब आणि उंबरठा काढले. नवे खांब खालून वर नेऊन त्यांचे कुसू पाटाच्या जुन्या भोकांत बसवले. सर्वांत शेवटी उंबरठा आडवा आत सरकवला आणि खालून पाचरी मारत मारत वर उचलला, तो खांबांचे खालचे कुसू त्याच्या भोकांत जाईपर्यंत. मग खाली चिऱ्याचे तुकडे भरले. टेकू काढले तेव्हा वरून मातीचा एक कण पडला नाही.

लाकडाचा प्रश्न परत तोच. पडलेल्या फणसाचं खोड अंगणात होतं, घेर असा की पंधरा काय, अठरा इंचांची फळी निघाली असती. आजी जाऊन चाळीस वर्षं होऊन गेलेली. मेस्त्री माझ्याकडे बघत राहिले. मी त्यांना आजीची गोष्ट सांगितली. ते काही बोलले नाहीत, खोडावरून फक्त हात फिरवला. गोठा वादळात बसला होता, त्याच्या किंजळीच्या तुळया होत्या. त्याच चिरून आणल्या. फणसाचं खोड एक मृदंग करणारा घेऊन गेला. मी श्रद्धाळू माणूस आहे असं कुणी म्हणणार नाही. पण ज्या गोष्टीसाठी आजी सगळ्यांसमोर उभी राहिली ती मी स्वस्तात मिळतंय म्हणून मोडायची, हे जमलं नाही.

बाही लावायची पद्धत मी नीट बघून घेतली. फळीची पुढची कड खांबाला पाडलेल्या खाचेत सरकवायची, मागची मोकळी सोडायची. भिंतीला फळी टेकवायची नाही, मधे बोटभर फट, कारण माती ओल धरते. फळीच्या पाठीला काजूच्या टरफलाचं तेल दोन हात. हे तेल हाताला लागलं तर कातडी जाते, म्हणून आधी खोबरेल चोपडायचं. माजघराच्या अंगाला जी फट दिसते तिच्यावर एक पट्टी, आणि ती पट्टी फळीला नव्हे, भिंतीतल्या खुंट्यांना मारायची. फळी पावसात फुगली की पट्टीखाली सरकते, उन्हाळ्यात मागे येते. पहिल्या पावसात मी पेन्सिलीने खूण करून ठेवली होती. मे महिन्यापर्यंत फळी पाव इंच आत गेली. दुकानवाल्या पोराचा दोष एवढाच, की लाकूड हलतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

राहिला खाचांचा तुकडा. गुडघ्याच्या वरचा भाग चांगला होता. मी तो बाजूला काढून ठेवायला सांगितला. भिंतीवर टांगू म्हटलं, तसबिरीसारखा. मेस्त्र्यांनी तो उचलून उजव्या बाजूला, पूर्वी होता त्याच जागी धरून बघितला. जुन्या मेस्त्र्याने त्या जागेच्या उतारावर कापलेला तुकडा तो, भिंतीला चपखल बसला. म्हणाले, "हो दुसरीकडे खंय बसाचोच नाय." खाली नवी किंजळ, वर जुनी, मधे तिरका जोड. नवी अजून तांबूस दिसते, जुनी काळी.

दार लावलं त्या रात्री मुलाने मोबाईलचा उजेड पाडून ओळी मोजल्या. त्याच्या एकवीस आल्या. एक वाळवीने खाल्ली असेल, किंवा सातवीत असताना मीच एक जास्त मोजली असेन. सकाळी नेहमीसारखं दार उघडलं आणि फळी खाचांवर टेकली.