झाडांचे एलईडी दिवे जांभळे का असतात? गांजा लावला तर काय होतं?

वनस्पती प्रकाशसंश्लेषणासाठी मुख्यतः ४०० ते ७०० नॅनोमीटरचा प्रकाश वापरतात. निळ्या प्रकाशात रोप ठेंगणं, दणकट राहतं; लाल प्रकाशात प्रकाशसंश्लेषण जोमात होतं. दोन्ही मिसळले की दिवा जांभळा दिसतो. पांढऱ्या ‘फुल स्पेक्ट्रम’ दिव्यात सगळे रंग असतात आणि पानांवरचे डागही ओळखता येतात.

दिवा घेताना ल्युमेन पाहू नका. ते माणसाच्या डोळ्यासाठीचं माप आहे. रोपांसाठी ‘पीपीएफडी’ बघा.

हिंगोलीत वसमतच्या हळदीला ऊन पुरतं. घरातल्या मेथी-कोथिंबिरीला असा दिवा जरूर लावा. गांजाला मात्र नको: एनडीपीएस कायदा १९८५, कलम २० नुसार गांजाची बेकायदा लागवड केल्यास १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.