वणवा आणि वर्गणी

अग्निप्रलयाचा इतिहास लिहिणारे बहुधा ज्वाळांचे वर्णन करून थांबतात. आग विझल्यानंतरच्या सकाळी निराश्रितांच्या हातात पहिला घास कोणाच्या हुकुमाने पडला, त्याचे पैसे कोणी दिले, आणि तो कोणाला नाकारला गेला, ही चौकशी दप्तराच्या तळाशीच राहून जाते. अमेरिकेच्या उत्तरेकडील विस्कॉन्सिन, मिशिगन आणि मिनेसोटा या सरोवरकाठच्या राज्यांत १८७१ ते १९१८ या अर्धशतकात जे भीषण वणवे लागले, त्यांच्यामागून उभ्या राहिलेल्या मदतनिधींचा कारभार एकापुढे एक ठेवून पाहिला, तर परोपकाराची कल्पना दयेपासून न्यायापर्यंत कोणत्या पायऱ्यांनी चढत गेली, हे बऱ्याच अंशी उलगडते.

पेश्टिगो हे विस्कॉन्सिनच्या ईशान्य भागात, त्याच नावाच्या नदीच्या दोन्ही तीरांवर वसलेले गाव. त्याचा संसार सर्वस्वी लाकडावर चाललेला. शिकागोचा पहिला महापौर विल्यम ऑग्डेन याच्या कंपनीची लाकूड कापण्याची गिरणी, आणि बादल्या, टब व कपडे वाळत घालायचे चिमटे तयार करणारा कारखाना, यांवर गावाचे पोट होते. घरे लाकडाची, पायवाटा फळ्यांच्या, आणि रस्त्यांवर पसरलेला भुसाही गिरणीतलाच. लाकूडतोडे कामाचे खोड तेवढे उचलून नेत आणि फांद्या, शेंडे जागेवरच टाकून देत; नवे वसाहतकरी शेतासाठी रान साफ करीत ते जाळूनच; आणि उत्तरेकडे सरकत चाललेल्या लोहमार्गाचे मजूरही वाटेतली तोड पेटवून देत. एरवी पावसाने आपोआप विझणाऱ्या या बारीकसारीक आगी १८७१च्या अवर्षणात आठवडेच्या आठवडे धुमसत राहिल्या, आणि ८ ऑक्टोबरच्या रविवारी रात्री सुटलेल्या वादळी वाऱ्याने त्या सगळ्या एकत्र करून गावावर आणून घातल्या.

त्या रात्रीची सर्वांत विश्वसनीय हकीकत पेश्टिगो आणि मॅरिनेट या दोन्ही गावांचा पाद्री असलेल्या, मूळच्या फ्रान्सच्या पीटर पर्निन याने लिहून ठेवली आहे. देवळातली पवित्र पेटी गाडीवर घालून, ती गाडी स्वतः ओढीत तो नदीवर पोचला. गाडी त्याने पाण्यात लोटली आणि माणसे, गुरे व वाहत येणारे ओंडके यांच्या गर्दीत तो स्वतः सुमारे साडेपाच तास पाण्यात उभा राहिला. डोके कोरडे पडू द्यावे तर केस पेट घेणार, आणि पाण्यात बुडून राहावे तर ऑक्टोबरच्या गारठ्याने अंग आखडणार, अशा कात्रीत त्या प्रवाहातल्या शेकडो जीवांनी पहाटेची वाट पाहिली. हीच हकीकत पर्निनने १८७४ साली पुस्तकरूपाने छापली, ती मॅरिनेटच्या नव्या देवळासाठी निधी उभा राहावा म्हणून. जळलेल्या गावाची कहाणी हीच त्या गावाची एकमेव विक्रेय वस्तू उरली होती, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

परंतु दैवाचा विलक्षण योग असा की, त्याच रात्री शिकागो शहरही पेटले. शिकागोत सुमारे ३०० माणसे दगावली आणि सुमारे १ लाख बेघर झाली. विस्कॉन्सिनच्या रानात मात्र मृत्यूंचा अंदाज १,२०० पासून २,५०० पर्यंत केला जातो. तरीही त्या आठवड्यात जगाचे डोळे लागले ते शिकागोकडेच. शिकागो ही व्यापारी पेठ होती, तेथे वर्तमानपत्रे होती, आणि तेथली वार्ता देशभर आणि सागरापलीकडे झपाट्याने पोचली. पेश्टिगोभोवतालच्या तारा जंगलाबरोबरच जळून गेल्या होत्या. दान हे दुःखाच्या प्रमाणात वाहत नाही, बातमीच्या प्रमाणात वाहते, हा मदतनिधीच्या शास्त्रातला पहिला आणि अप्रिय सिद्धांत या एकाच रात्रीने सिद्ध केला.

विस्कॉन्सिनच्या राजधानीत, मॅडिसनला, पेश्टिगोची वार्ता सांगणारी तार येऊन पोचली ती मंगळवारी, १० ऑक्टोबर रोजी. अमेरिकन यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईत डावा हात गमावलेला गव्हर्नर ल्यूशिअस फेअरचाइल्ड त्या वेळी आपल्या अधिकाऱ्यांसह शिकागोच्या मदतीला गेला होता. म्हणजे शेजारच्या राज्याचे घर विझवायला घरधनी बाहेर पडला आणि स्वतःच्याच राज्यातले रान मागे जळून गेले. तार गेली ती त्याच्या तरुण पत्नीच्या, फ्रान्सिस फेअरचाइल्डच्या हाती. तिच्यापाशी ना अधिकारपद होते, ना खजिन्याची किल्ली. परंतु शिकागोसाठी भरलेली मालाची एक वाघीण स्टेशनावर उभी आहे, एवढे तिला ठाऊक होते. ती वाघीण उत्तरेकडे वळवण्याचा हुकूम तिने दिला. वाघिणीत अन्न आणि कपडे आहेत, पण पांघरुणे नाहीत, हे ध्यानात येताच तिने मॅडिसनमधल्या बायकांना साद घातली, आणि घराघरांतून निघालेली कांबळी व रजया त्याच वाघिणीत चढल्या. कायद्याच्या दृष्टीने हा सगळाच व्यवहार बेकायदा ठरला असता. व्यवहाराच्या दृष्टीने तोच त्या राज्यातल्या मदतकार्याचा आरंभ होय.

गव्हर्नरने परतल्यावर जाहीरनामा काढला, ग्रीन बे आणि मिलवॉकी येथे समित्या बसल्या, कोठारे उघडली, आणि देशोदेशींच्या देणग्या तेथे जमा होऊ लागल्या. पण मदत वाटायची तर घेणारा जिवंत आहे की नाही याची नोंद हवी, आणि कुटुंबेच्या कुटुंबे नामशेष झाल्यामुळे मेलेल्यांची ओळख पटवायलाही कोणी उरले नव्हते. सुमारे ३५० अनोळखी प्रेते एकाच खड्ड्यात पुरावी लागली. १८७३ साली राज्याच्या विधिमंडळापुढे जी अधिकृत यादी आली, तिच्यात मृत आणि बेपत्ता मिळून १,१८२ जणांची नोंद होती. ऑग्डेनची गिरणी पुन्हा सुरू झाली, कारखाना मात्र उभा राहिला नाही. वर्गणीने पोट भरते, रोजगार परत येत नाही, हा दुसरा धडा गावाने तेव्हाच गिरवला.

इकडे शिकागोत महापौर रॉस्वेल मेसन याने जमा झालेला सगळा निधी शिकागो रिलीफ अँड एड सोसायटी या खासगी संस्थेच्या स्वाधीन केला. तो ५० लाख डॉलरांच्या आसपास पोचला, आणि तेथून पुढे मदतीचा रंग पालटला. अर्ज, शिफारसपत्र, घरी येऊन खातरजमा करणारा तपासनीस, आणि धडधाकट माणसाने आयते खाऊ नये ही सावधगिरी, अशी कडेकोट व्यवस्था संस्थेने उभारली. लबाडी रोखणे हा तिचा उद्देश गैर नव्हता आणि हिशेबही चोख होता. पण ज्याचे ओळखणारे शेजारीच परागंदा झाले आहेत त्या मजुराने शिफारस आणायची कोणाची, याचे उत्तर त्या छापील अर्जात नव्हते. फ्रान्सिस फेअरचाइल्डने विचारले होते, काय कमी आहे. सोसायटीने विचारले, पात्र कोण आहे. पुढच्या प्रत्येक निधीला या दोन प्रश्नांच्या मधोमध आपली जागा शोधावी लागली.

दहा वर्षांनी, ५ सप्टेंबर १८८१ रोजी, मिशिगनचा अंगठ्याच्या आकाराचा द्वीपकल्पीय भाग पेटला. १८७१ साली याही भागात लागलेल्या आगीत मेलेली आणि तशीच उभी किंवा पडून राहिलेली झाडे या वेळी सरपण झाली. त्याच वर्षी मे महिन्यात क्लारा बार्टन हिने अमेरिकन रेड क्रॉसची स्थापना केली होती, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी तिची पहिली स्थानिक शाखा निघून जेमतेम पंधरवडा लोटला होता. युद्धातील जखमींच्या संरक्षणाच्या जिनिव्हा कराराला अमेरिकन सिनेटची मान्यताही अद्याप मिळायची होती. ती मिळाली मार्च १८८२ मध्ये. युरोपातली रेड क्रॉस रणांगणावरील जखमींसाठी जन्मली होती. शांततेच्या काळातील आपत्तींतही तिने धावले पाहिजे, हा बार्टनचा आग्रह होता, आणि त्याची पहिली कसोटी लागली ती मिशिगनच्या या वणव्यात. आपला सहकारी जूलियन हबेल याला तिने प्रत्यक्ष जागेवर धाडले आणि डॅन्सव्हिल, रॉचेस्टर, सिरॅक्यूज येथून पैसा व जिन्नस रवाना झाले. आपत्तीनंतर वर्गणी मागण्याऐवजी आपत्तीपूर्वीच माणसे आणि कोठार सज्ज ठेवावे, हा विचार येथून रुजला.

मिनेसोटातल्या हिंकली येथे १ सप्टेंबर १८९४ रोजी ४०० हून अधिक माणसे जळाली, तेव्हा गव्हर्नर नूट नेल्सन याने पिठाच्या गिरण्यांचा मालक चार्ल्स पिल्सबरी याच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. वर्गणी लोकांची, शिक्का सरकारचा, अशी ही नवी तजवीज होती. पण खरी कलाटणी मिळाली ती १२ ऑक्टोबर १९१८ रोजी, मिनेसोटातल्याच क्लोके आणि मूस लेकच्या परिसरात. त्या वणव्यात ४५३ माणसे मेली आणि बचावलेल्यांच्या गर्दीत इन्फ्लुएंझाची साथ शिरली. रेड क्रॉस आली, राज्याचा आयोग आला, तात्पुरत्या खोपटांसाठी लाकूड आले. मात्र या वेळी निराश्रितांनी एक प्रश्न उलट विचारला: ही आग लावली कोणी? इंजिनांच्या ठिणग्यांनी ठिकठिकाणी आगी लागल्या होत्या, आणि महायुद्धामुळे रेल्वे त्या वेळी केंद्र सरकारच्या ताब्यात होती. अनेक आगी एकमेकींत मिसळल्या, मग दोष एकट्या रेल्वेचा कसा, हा बचाव मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९२० साली फेटाळला. नुकसान घडवण्यात रेल्वेच्या आगीचा वाटा ठळक असेल तर ती जबाबदार, असे तत्त्व त्याने मान्य केले. तरीही सरकारने दावे तडजोडीत अंशतःच मिटवले, आणि उरलेली भरपाई देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टची सही झाली ती १९३५ साली. तोवर कित्येक दावेदार वारले होते.

म्हणून या अर्धशतकाचा निवाडा करताना वर्गणीला कमी लेखण्याचे कारण नाही. न्याय येण्यास १७ वर्षे लागतात आणि भूक त्याच दिवशी लागते, हा फरक वर्गणीनेच भरून काढला. मात्र ज्या आगीला जबाबदार धनी आहे, त्या आगीच्या निराश्रिताला मिळणारी रक्कम हे दान नव्हे, ते थकलेले देणे होय. आणि दात्यांच्या औदार्याची प्रशस्ती गाताना तो धनी परस्पर मोकळा सुटत नाही ना, याची रुजुवात करणे हे प्रत्येक मदतनिधीच्या कारभाऱ्यांचे कर्तव्य आहे.