हस्तर : एका नावाची कुळकथा

‘तुंबाड’ (२०१८) चित्रपटातला हस्तर कोकणातल्या दैवतकथांमधला वाटतो, पण हे नाव अमेरिकेतले आहे. अँब्रोझ बिअर्सच्या १८९१च्या एका कथेत हॅस्टर हा मेंढपाळांचा सौम्य देव होता. रॉबर्ट चेंबर्सने १८९५मध्ये ‘द किंग इन यलो’मध्ये ते नाव उचलले, तिथे ते कधी माणसाचे आहे, कधी दूरच्या ठिकाणाचे वाटते. एच. पी. लव्हक्राफ्टने १९३१च्या एका कथेत, इतर अगम्य नावांच्या ओळीत, त्याचा नुसता उल्लेख केला आणि खुलासा टाळला.

या भयकथांची सारी ओढ त्या न सांगण्यात आहे. आपल्या भुताला वासना असते, सूड असतो. कारण कळले की शांतही करता येते. लव्हक्राफ्टच्या विश्वातल्या शक्तींना माणसाशी वैरही नाही, त्यांच्या लेखी तो नगण्य आहे. वाचक हादरतो आणि तरीही त्या अफाटपणाकडे पुन्हा वळतो. पुढे ऑगस्ट डर्लेथने हॅस्टरला रीतसर दुष्ट देव केले, तेव्हा गूढ बरेच उणावले.

स्टीफन किंगच्या १९८४च्या ‘ग्रॅमा’ या कथेत अंथरुणाला खिळलेली आजी याच नावाचा धावा करते. नारायण धारपांनी (१९२५–२००८) ही कथा ‘आजी’ म्हणून सुटसुटीत रूपात मराठीत आणली. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी धारपांची कथा १९९३मध्ये विदर्भातल्या नागझिरा अभयारण्यात एका मित्राच्या तोंडून ऐकली आणि १९९७मध्ये चित्रपटाचा पहिला खर्डा लिहिला. चित्रपटाचे नाव मात्र श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून आले.

पडद्यावरच्या हस्तरला कूळ मिळाले: समृद्धीच्या देवीचा तो पहिला, लोभी मुलगा. सोने त्याने बळकावले. धान्यावर हात टाकताच इतर देव तुटून पडले. आईने त्याला गर्भात लपवून वाचवले, पण त्याला कोणी पुजू नये, तो विसरला जावा, या अटीवर. त्यामुळे सोने असूनही तो कायमचा भुकेला आहे आणि कणकेच्या बाहुलीला भुलतो. लव्हक्राफ्टची उदासीन शक्ती इथे लोभाची झाली, मराठी कथेच्या नीतीत बसली. तरीही धारपांच्या समर्थकथांमध्ये अमंगळाशी झुंजणारा समर्थ येतो, तसा कोणी चित्रपटातल्या वाड्यात येत नाही. नायक विनायकराव स्वतःच्या हावेपायी जातो.