गुडघा सांधारोपण, हिमोफिलियातील

हिमोफिलियात वारंवार होणाऱ्या रक्तस्रावाने नष्ट झालेला गुडघ्याचा सांधा काढून धातू व पॉलिएथिलीनचा कृत्रिम सांधा बसवण्याची शस्त्रक्रिया. वयोमानाच्या झिजेसाठी ती बहुधा साठीनंतर होते. हिमोफिलियाच्या रुग्णावर मात्र ही वेळ अनेकदा तिशी-चाळिशीतच येते.

हिमोफिलिया ‘ए’मध्ये रक्त गोठवणारा फॅक्टर ८ कमी असतो, ‘बी’मध्ये फॅक्टर ९. तीव्र प्रकारात पातळी १ टक्क्याहूनही खाली असते आणि मार न लागताही सांध्यात रक्त उतरते. त्यातले लोह सांध्याच्या अस्तरात साचते, अस्तर सुजून जाड होते, त्यातून पुन्हा रक्त सुटते. या फेऱ्यात कूर्चा संपते. शस्त्रक्रियेत सांधा उघडला की अस्तर गंजासारखे तपकिरी दिसते. गुडघा वर्षानुवर्षे वाकून आखडलेला असल्याने तो सरळ करणेही जिकिरीचे असते.

तरी खरी अडचण फॅक्टरची. दर किलो वजनामागे १ युनिट फॅक्टर ८ दिल्यास पातळी सुमारे २ टक्क्यांनी वाढते. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाची पातळी १०० टक्क्यांच्या आसपास नेण्यास ३,००० युनिट लागतात, आणि ८ ते १२ तासांत ती निम्म्यावर येते. त्यामुळे सुमारे दोन आठवडे डोस चालू ठेवावे लागतात. पुढे व्यायामापूर्वीही फॅक्टर लागतो. पुरेसा साठा हाती नसताना तारीख घेऊच नये. फॅक्टर निष्प्रभ करणारे इनहिबिटर रक्तात आहेत का, हेही आधी तपासतात. ते असल्यास वेगळी आणि फार महाग औषधे वापरावी लागतात. दोन्ही गुडघे गेले असतील तर फॅक्टर वाचावा म्हणून काही शल्यविशारद ते एकाच वेळी बदलतात.

रायगडमधल्या तळ्यासारख्या तालुक्याच्या गावात हे सारे होणे नाही. इंदापूरला महामार्ग गाठून मुंबईची वाट धरावी लागते. परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातच भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची रक्तविकारांवरील संस्था आहे. १९५७ मध्ये रक्तगट संदर्भ केंद्र म्हणून ती सुरू झाली. शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम मात्र घरीच महिनोन्‌महिने करायचा असतो, आणि तिथेच बऱ्याच जणांचे गाडे अडते. नव्या गुडघ्याने दुखणे थांबते, पण उकिडवे बसणे आणि मांडी घालणे बहुधा सोडावे लागते. भातशेती करणाऱ्याने हे आधीच विचारून घ्यावे.

जंतुसंसर्गाचा धोका इतर रुग्णांपेक्षा जास्त असतो आणि तो काही वर्षांनीही उद्भवतो. ताप येऊन गुडघा गरम लागला, तर गावात इंजेक्शन घेऊन वेळ न दवडता शस्त्रक्रिया झालेले रुग्णालय गाठावे.