सेकंद नेमका कोणाचा गेला? नेटवरच्या फटाफट बुद्धिबळाची गोष्ट

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकायचं नाही, वाचायचंच आहे, त्यांच्यासाठी हे या भागाचं लेखी रूप. बोलताना दोन-तीन गोष्टी घाईत सुटल्या होत्या, त्या इथे नीट मांडल्या आहेत.

तारीख ३० ऑगस्ट २०२०. लॉकडाऊनचे दिवस. बुद्धिबळाचं ऑलिम्पियाड त्या वर्षी पहिल्यांदाच ऑनलाइन भरलं होतं आणि फायनलमध्ये भारत विरुद्ध रशिया. प्रत्येक खेळाडूला १५ मिनिटं, शिवाय प्रत्येक चालीला ५ सेकंद जास्तीचे. एका टीममध्ये सहा पट: दोन पुरुष, दोन महिला, एक ज्युनियर मुलगा, एक ज्युनियर मुलगी. भारताचा कॅप्टन आपला नाशिकचा विदित गुजराथी. आणि ज्युनियर मुलींच्या पटावर नागपूरची १४ वर्षांची दिव्या देशमुख.

पहिली फेरी ३-३. दुसऱ्या फेरीत डाव चालू असताना दिव्या आणि केरळचा निहाल सरीन, दोघांचंही कनेक्शन गेलं. पट समोर दिसतोय, चाल डोक्यात तयार आहे, पण सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. घड्याळ मात्र चालू. दोघंही टाइमवर हरले आणि स्कोअर झाला ४.५-१.५, रशियाच्या बाजूने.

झालं काय होतं, तर त्या दिवशी सेंच्युरीलिंक नावाच्या अमेरिकन कंपनीच्या नेटवर्कमध्ये एक चुकीचा फिल्टरचा नियम राउटरांपर्यंत पसरला. राउटर एकमेकांशी बोलायचे थांबले आणि क्लाउडफ्लेअरवर अवलंबून असलेल्या असंख्य साइट्स जगभर कित्येक तास लंगडत होत्या. आमच्या धंद्यात अशा दिवसाला काय म्हणतात ते इथे लिहीत नाही. भारताने अपील केलं. जागतिक संघटनेचे, म्हणजे फिडेचे अध्यक्ष अर्काडी द्वोरकोविच यांनी दोन्ही देशांना सुवर्णपदक जाहीर केलं.

इथे बहुतेक लोक गोष्ट संपवतात. पण दोनच दिवस आधी, २८ ऑगस्टला, क्वार्टर फायनलमध्ये आर्मेनियाचा हाइक मार्तिरोस्यान याच निहालसमोर कनेक्शन जाऊन टाइमवर हरला होता. आर्मेनियानेही अपील केलं होतं. ते फेटाळलं गेलं. आर्मेनियाने स्पर्धाच सोडली. म्हणजे एकाचं नेट गेलं तर ती त्याची जबाबदारी आणि अर्ध्या जगाचं गेलं तर ती कोणाचीच नाही. नियम म्हणून मला हे समजतं. पण आर्मेनियाच्या जागी आपण असतो तर किती ओरडलो असतो, हेही समजतं.

हा विषय घ्यायचं कारण माजरी. आमचं गाव वर्धा-बल्लारशाह लाइनवर, वणीकडे फाटा फुटतो ते जंक्शन आणि कोळशाची खाण. संध्याकाळी इथे मोबाइलवर ब्लिट्झ खेळणारी बरीच पोरं आहेत आणि सगळ्यांचं रडगाणं एकच: ‘डाव जिंकलेलाच होता बे, टाइम खाल्ला नेटवर्कने.’ माझा आतेभाऊ तर रेटिंग शंभराने खाली आलं की टॉवरकडे बोट दाखवतो. त्याचं काही खरं आहे, काही नाही. ते वेगळं कसं करायचं, यासाठी घड्याळाचा इतिहास कामाला येतो.

आपल्याकडच्या जुन्या देशी बुद्धिबळात घड्याळ नव्हतंच. प्यादं पहिल्या चालीला एकच घर जायचं, राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, आणि डाव संपेल तेव्हा संपेल. युरोपातही वेगळं नव्हतं. १८५१ साली लंडनला पहिली आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली, तिथे एलायजा विल्यम्स एकेका चालीला इतका वेळ घ्यायचा की हॉवर्ड स्टॉन्टन वैतागून गेला. विचार करून नव्हे, समोरच्याला कंटाळा आणून जिंकायचं, अशी त्याची तक्रार. १८६१ मध्ये अँडरसन आणि कोलिश यांच्या सामन्यात वाळूची घड्याळं ठेवली: दोन तासांत २४ चाली. १८८३ च्या लंडन स्पर्धेत मँचेस्टरच्या थॉमस ब्राइट विल्सन यांनी केलेली जोडघड्याळं आली, एक थांबलं की दुसरं सुरू. आज ॲपमध्ये वर-खाली दोन आकडे पळतात ते त्याचंच पोरगं.

गंमत बघा, घड्याळ आलं ते हळू खेळणाऱ्याला वेसण घालायला. पण ते आल्यावर वेळ हीच एक सोंगटी झाली. वजीर कमी असताना टाइमवर जिंकता येऊ लागलं. यावर उपाय काढला बॉबी फिशरने. १९८८ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला, पुढच्या वर्षी ते मिळालं. कल्पना साधी: चाल केली की घड्याळात थोडे सेकंद परत जमा. १९९२ च्या फिशर-स्पास्की सामन्यात हेच घड्याळ वापरलं. ॲपमध्ये ‘३+२’ दिसतं ना, त्यातला तो २ म्हणजे फिशरची देणगी.

त्याच १९९२ मध्ये, जानेवारीत, अमेरिकेत इंटरनेट चेस सर्व्हर सुरू झाला. लोक टर्मिनलवर अक्षरांनी काढलेल्या पटावर खेळायचे. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं १५ ऑगस्ट १९९५ ला, तेही डायल-अप. त्या सर्व्हरवर पहिल्या दिवसापासून भांडण एकच: चालीचा प्रवासातला वेळ कोणाच्या खात्यात धरायचा? डॅनियल स्लेटर या कॉम्प्युटर सायन्सच्या प्राध्यापकाने ‘टाइमस्टॅम्प’ नावाचा प्रोग्रॅम आणला. तुमची चाल तुमच्याच मशीनवर किती वेळात झाली ते नोंदवायचं आणि घड्याळातून तेवढंच कापायचं. मला हा फार सुंदर तोडगा वाटतो. सर्व्हर म्हणतो, वाट खराब आहे हे मला माहीत आहे, तू घरून कधी निघालास तेवढं सांग.

आजच्या साइट्सही उशिराची भरपाई देतात, पण मर्यादेपर्यंत. अमर्याद दिली तर लोक मुद्दाम नेट बंद करून विचार करत बसतील. म्हणजे माजरीतल्या पोराचं नेट थोडंसं अडखळलं तर सर्व्हर सांभाळून घेतो. नेट पूर्ण गेलं तर नाही. मधल्या पट्ट्यात खरं नुकसान होतं. आकडे मांडू. ३+० च्या डावात १८० सेकंद. डाव ६० चालींचा झाला तर चालीला ३ सेकंद. भरपाईनंतरही चालीमागे ०.३ सेकंद गळत असतील तर डावभरात १८ सेकंद गेले. एकदशांश वेळ! तोच डाव ३+२ खेळलात तर एकूण ३०० सेकंद मिळतात आणि तेच १८ सेकंद टोचत नाहीत. म्हणून नेट कच्चं असेल तिथे ३+०, आणि त्याहून वाईट १+०, खेळून रेटिंगवर रडणं मला पटत नाही. इन्क्रिमेंटवाला डाव निवडा. यात कमीपणा काही नाही, जागतिक ब्लिट्झ स्पर्धाही ३+२ वरच होते.

प्रीमूव्हचंही तसंच. समोरच्याची चाल यायच्या आधीच आपली लावून ठेवायची. लिचेसवर त्याला शून्य वेळ लागतो, चेस डॉट कॉमवर ०.१ सेकंद. लांबच्या नेटवाल्याला हे वरदान आहे, पण फक्त जिथे दुसरी चालच नाही तिथे. मारल्यावर उलट मारायचंच आहे, शहातून निघायला एकच घर आहे, अशा ठिकाणी. सवयीने लावलेला प्रीमूव्ह वजीर फुकट देतो, आणि त्यात टॉवरचा काही हात नसतो.

आता आतेभावाचं. त्याचे हरलेले डाव आम्ही एका रविवारी उघडले. लिचेसवर विश्लेषणात प्रत्येक चालीला लागलेल्या वेळेचा आलेख दिसतो. नेटवर्कचा झटका त्यात वेगळा ओळखू येतो: जी चाल डोळे मिटून करायची, तिथेच अचानक उंच खांब. असे खांब होते, नाही असं नाही. पण जास्त करून खांब सातव्या-आठव्या चालीपाशी. त्याचं ओपनिंगचं पाठांतर संपायचं तिथे. म्हणजे पंधराव्या चालीपर्यंत अर्धा वेळ साफ आणि शेवटी हत्ती जास्तीचा असूनही मात करायला दहा सेकंद. त्याला मी एकच सांगितलं. पंधराव्या चालीला घड्याळ बघ, ९० सेकंद असलेच पाहिजेत. नसतील तर तो डाव जिंकलास तरी उघडून बघ. आणि राजा-हत्ती विरुद्ध एकटा राजा ही मात रोज पाच वेळा, घड्याळ लावून. त्याला हे बोअर झालं. करतो मात्र.

दिव्याकडे परत येऊ. २०२३ मध्ये कोलकात्याच्या टाटा स्टील स्पर्धेत महिलांचं रॅपिड तिने जिंकलं, सीडिंगमध्ये सगळ्यांत खाली असताना. त्याच वर्षी नागपूरचाच रौनक साधवानी ज्युनियर गटात रॅपिडचा जगज्जेता झाला. नागपूर म्हणजे आमच्यासाठी वरोरा, हिंगणघाट, सेवाग्राम करत गाडीने गाठायचं गाव, त्यामुळे या बातम्या इथे घरच्यासारख्या वाचल्या जातात. जून २०२५ मध्ये लंडनला टीम ब्लिट्झमध्ये दिव्याने चीनच्या हाऊ यिफानला हरवलं, तेव्हाची जगातली एक नंबरची महिला खेळाडू.

आणि जुलैमध्ये जॉर्जियातल्या बातुमीत वर्ल्ड कप. फायनल कोनेरू हंपीशी. क्लासिकल दोन्ही डाव बरोबरीत, मग टायब्रेक, १५ मिनिटं आणि चालीला १० सेकंद. हंपी तेव्हाची रॅपिडची जगज्जेती, २०१९ आणि २०२४ अशी दोनदा. कागदावर हे मैदान हंपीचंच. पहिला डाव बरोबरीत. दुसऱ्यात दिव्याकडे काळी सोंगटी, डाव लांबला, आणि वेळ कमी पडत गेला तो हंपीला. वेळेच्या ताणात चुका झाल्या आणि २८ जुलैला १९ वर्षांची दिव्या जिंकली. तिथल्या तिथे ग्रँडमास्टर, भारताची ८८ वी.

ज्यांना हा डाव बघायचा आहे त्यांनी नुसत्या चाली बघू नका. शेजारी घड्याळाचे आकडे देणारी प्रत उघडा, आणि हंपीचा वेळ कुठल्या चालींवर गेला ते आधी स्वतः शोधा. इंजिन त्यानंतर लावा.